वरची बांगडी

नांदूरघाटच्या बाजारात बांगड्यांची तीन दुकानं लागतात. पण एखादी बाई घरात "कासारणीकडं जाऊन येते" म्हणाली, की ती सत्यशीलाकडं गेली हे कुणी वेगळं विचारत नाही. बाकीच्या दोघांकडं माल जास्त, आरसे मोठे, बॅटरीवर चालणारा पंखासुद्धा आहे. सत्यशीलाकडं एक ताडपत्री, दोन पेट्या, साबणाच्या पाण्याचं एक पितळी भांडं आणि तिचे हात.

हे हात कोपरापर्यंत पांढरे आहेत. सगळेच नाहीत, मनगटाजवळ आणि बोटांच्या पेरांवर मूळचा गव्हाळ रंग थोडाथोडा शिल्लक राहिलाय. नवखा माणूस आधी बघतो, मग बघितलंच नाही असं दाखवतो आणि मग परत बघतो. गावाला मात्र त्या हातांचं काही राहिलं नाही. एकदा कुणाच्या तरी चिमुरडीनं विचारलं होतं, "मावशी, तुमी हात चुन्यात घातलता का?" सत्यशीला म्हणाली, "व्हय गं. आन् वाळायच्या आधीच पेटी उचलली, म्हणून असा डागडाग झाला." पोरगी समाधानानं मान हलवून गेली. मोठ्यांना एवढ्या थोडक्यात समजलं असतं तर किती बरं झालं असतं.

बांगडी भरताना सत्यशीला गप्प बसत नाही. समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, साबणाच्या पाण्यानं ओला करायचा, अंगठ्याखालचं मांस हळूहळू दाबत पंजा अरुंद करायचा आणि तेवढ्यात त्या बाईला तिच्या जावेबद्दल काहीतरी विचारायचं. बाई जावेबद्दल बोलायला लागली की हात आपोआप सैल पडतो आणि बांगडी मनगटावर जाऊन बसते. सगळ्या भरून झाल्या की सत्यशीला पेटीतून आणखी एक काढते. ती वरची बांगडी, तिचे पैसे नाहीत. "ही माझ्याकडून, लेकीला," असं म्हणून ती चढवायची आणि मग त्या बाईनं वाकून नमस्कार करायचा. सत्यशीलाच्या सासूनं ही रीत पाळली, ती आता सत्यशीला पाळते. चुडा भरणारीचा हात आईचा हात, असं त्या घरात मानतात.

डाग सुरू झाले ते लखन, तिचा मुलगा, रांगायला लागला तेव्हा. आधी ओठाच्या कोपऱ्यात एक ठिपका, मग बोटांची टोकं. तिचा नवरा बिभीषण घाबरून गेला आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं, म्हणजे जो कुणी जे सांगेल ते. एका वैदूनं बावचीची पूड तेलात कालवून दिली आणि ती लावून उन्हात बसायला सांगितलं. सत्यशीला चैत्राच्या उन्हात बसली आणि हातावर टरारून फोड आले. दुसऱ्या एकानं दही, ताक, अंडं, वांगं, सगळं बंद केलं. वर्षभर ती चटणीशी कोरडी भाकरी खात होती आणि बिभीषण तिच्यासमोर तांब्याभर ताक पीत होता. त्या फोडांबद्दल तिनं नवऱ्याला केव्हाच माफ केलं. ताकाबद्दल अजून केलेलं नाही.

शेवटी तिच्या माहेरच्या कुणीतरी अंबाजोगाईला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून उलटसुलट करून बघितला. सत्यशीलाला आधी तेच पटलं. वर्षभरात तिचा हात असा कुणी धरला नव्हता. मग त्यांनी समजावलं, की हे महारोगाचं काही नाही, अन्नानं होत नाही, कुणाच्या शापानंही होत नाही. अंगात राखणदार असतात, ते बाहेरून आलेल्या रोगाला हाकलतात. तिच्या अंगातल्या राखणदारांची गफलत झाली होती आणि कातडीला रंग देणाऱ्या घरच्याच माणसांना चोर समजून ते हाकलत सुटले होते. "शिवून लागत नाही, उष्टं खाऊन लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताक खुशाल प्या." मलम आणि प्रकाशाचे उपचार झाले. ओठाजवळचा डाग हळूहळू भरून आला. हाताचे भरले नाहीत. बोटांच्या टोकांना रंग परत येणं अवघड असतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. फक्त उन्हात जाताना हात झाका म्हणाल्या, कारण पांढरी कातडी लवकर पोळते. तेव्हापासून सत्यशीला बाजारात बिभीषणचा जुना लांब बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून बसते आणि बांगडी भरायची वेळ आली की बाह्या मागं सारते.

डॉक्टरीणबाईंना पटलं म्हणून बाजाराला पटलं असं होत नाही. त्या दिवसांत बायका यायच्या, बांगड्या निवडायच्या, आणि सत्यशीलानं हात पुढं केला की म्हणायच्या, "ठेव तिथं. मी घालते." चारच शब्द, पण ते ऐकून ती दुपारीच पेटी बंद करून घरी यायची. मग एका बाजारी विमलबाई आल्या. विमलबाई म्हणजे गावातलं मोठं शेतकरी घर, आणि त्यांचा हात म्हणजे कापूस ठासून भरलेली उशी. त्यांनी भर गर्दीत ती उशी सत्यशीलासमोर टेकवली आणि म्हणाल्या, "भर." यात फार मोठा उदारपणा होता असं समजू नये. त्या उशीत न फोडता बांगडी चढवणारं दुसरं माणूस पंचक्रोशीत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. पण त्या हातामागून बाकीचे हात आले ते आजपर्यंत येतायत.

तर अशी ही सुखी बाई. लखन मांजरसुंब्याच्या टायरच्या दुकानात लागला, त्याचं लग्न झालं, दिंद्रुडची रोहिणी सून म्हणून आली. रोहिणी घरात ब्लाउज शिवते, बोलायला तिखट आहे आणि हसायला लागली की सुई हातातून पडते. रोज संध्याकाळी ती तेलाची बाटली आणि फणी घेऊन सासूसमोर पाठमोरी बसायची. सत्यशीला तिचे कमरेपर्यंतचे केस विंचरायची आणि दोघी मिळून अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या. सत्यशीलाला लेक नव्हती. दिवसातला हा वेळ तिला सगळ्यात आवडायचा.

रोहिणीला दिवस गेले आणि सत्यशीलानं वेणी घालणं सोडलं.

एकदम सोडलं नाही. आधी म्हणाली कंबर दुखती, मग म्हणाली बाजाराचा शीण झालाय. मग चहाचा कप रोहिणीच्या हातात द्यायच्या ऐवजी ओट्यावर ठेवायला लागली. रोहिणी जवळ आली की पदरात हात गुंडाळायची. तिला स्वतःलाच कळत होतं की हा वेडेपणा आहे. ज्या हातांनी गावातल्या निम्म्या पोटुश्या बायकांचे चुडे भरले, ते हात आपल्याच सुनेजवळ आले की मागं सरत होते. अंबाजोगाईला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना तिनं उठता उठता विचारलं होतं, "लेकराला व्हईल का?" त्यांनी सरळ सांगितलं होतं, की घरात एकाला असलं तर दुसऱ्याला होण्याचा संभव थोडा जास्त असतो, थोडाच, आणि तेही रक्तातून, हातातून नाही. इतक्या वर्षांत यातलं पुढचं सगळं गळून गेलं होतं आणि "घरात होण्याचा संभव" एवढंच मनात रुतून बसलं होतं. गावातल्या बाया घरातल्या नव्हत्या. रोहिणीच्या पोटातलं लेकरू घरातलं होतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. हिरवा चुडा कोण भरणार हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कासाराच्या घरात ते विचारतात होय? सत्यशीलानं मात्र गुपचूप केजला नणंदेला फोन लावला. नणंद मनिषा, तिचंही तिथं बांगड्यांचंच दुकान. "तू ये आन् तूच चुडा भर," सत्यशीला म्हणाली. मनिषाला वाटलं मान देतायत, ती खूश झाली.

चार दिवसांवर कार्यक्रम आला तेव्हा विमलबाई स्वतःच्या बांगड्या घ्यायला घरीच आल्या. सत्यशीलानं त्यांच्यासाठी बाजूला काढलेल्या हिरव्या बांगड्यांची पुडी उलगडली.

"सुनेला किती भरणार?" विमलबाईंनी विचारलं.

"मनिषा ठरवंल. तीच भरणार हाय."

"मनिषा? केजाची? कावून, तुझ्या हाताला काय झालं?"

"तसं न्हाई काकू. रोहिणी पोटुशी हाय ना."

विमलबाईंनी पुढं केलेला हात तिथंच थांबवला. "माझ्या तिन्ही सुनांचे चुडे तू भरलेस. तिघीबी पोटुश्याच व्हत्या."

सत्यशीला पुडीतल्या बांगड्या उगाच मोजायला लागली.

"म्हंजे आमच्या सुना चालल्या आन् तुझी चालंना," विमलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "तुलाच तुझ्या हाताचा भरवसा न्हाई, तर आमी कशाच्या भरवशावर दिले आमचे हात?"

सत्यशीलानं साबणाचं भांडं पुढं ओढलं. विमलबाईंनी आपला हात मांडीवर घेतला.

"ठेव तिथं," त्या म्हणाल्या. "मी घालते."

पुडी उचलून त्या गेल्या. सत्यशीला भांड्यासमोर बसून राहिली. लाजेनं तिचे कान तापले. आपण काय करून बसलो ते तिला आता स्वच्छ दिसलं. भर डोहाळजेवणात गावातल्या सगळ्या बायांसमोर कासारणीच्या सुनेला दुसरी कासारीण चुडा भरणार, म्हणजे आपल्या हातात खोट आहे हे आपणच दवंडी पिटून सांगणार. पुढच्या बाजारापासून एकेक बाई म्हणणार, ठेव तिथं. आणि त्यांचं चुकलं, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मनिषाला फोन करून राहू दे म्हणायचं, एवढंच काम होतं. फोन तिनं तीनदा हातात घेतला. तिन्ही वेळा डोळ्यांपुढं लेकराचा एवढासा पंजा आला, पांढऱ्या टोकांचा, आणि फोन खाली ठेवला गेला.

डोहाळजेवणाच्या दिवशी दुपारी घर बायांनी भरून गेलं. रोहिणी हिरव्या साडीत, केसांत मोगरा, पाटावर बसली होती. तिची आई दिंद्रुडहून आली होती. विमलबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात जुन्याच बांगड्या होत्या हे सत्यशीलानं त्या आल्या आल्या पाहिलं. ती स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पुरणाच्या पोळ्यांकडं लक्ष असल्यासारखी.

मनिषानं पेटी उघडली. हसतमुख बाई, हातही चांगला. पण सातव्या महिन्यात रोहिणीच्या बोटांना सूज होती आणि तो हात मनिषाच्या ओळखीचा नव्हता. पहिली बांगडी कशीबशी चढली. दुसरी पंजावर अडकली आणि कट्ट वाजली.

"वाढली," मनिषा पटकन म्हणाली. चुड्याची बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. तिनं तिसरी घेतली. तीही वाढली. रोहिणीच्या अंगठ्याखाली रक्ताचा बारीक थेंब आला आणि बायांची कुजबुज थांबली.

"वैनी, सव्वादोनाच्या मापाची बसंना हिला," मनिषा ओशाळून म्हणाली. "अडीचाची घालू का?"

अडीचाची झरकन चढली. रोहिणीनं हात खाली सोडला, तर ती तशीच घसरत बोटांवर येऊन लोंबली. रोहिणीनं ती काढून ताटात ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं.

"आत्या, तुमी भरा."

"मनिषा भरतीय की," सत्यशीला म्हणाली. तिचे हात पदरात होते.

"त्यांचा राग न्हाई मला. पर मला एक सांगा. माझी वेणी कावून सोडली तुमी? चहा वट्यावर ठिवता. मी जवळ आले की बाजूला व्हता. मी काई चुकले का? नकोशी झाले का तुमाला?"

तिच्या आईनं "अगं" म्हणून तिला दटावलं, पण रोहिणीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती थांबणार नव्हती. इतके महिने सुनेनं काय काय मनाला लावून घेतलं असेल, हे सत्यशीलाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या भीतीत ती एवढी गुंतली होती.

"नकोशी न्हाई गं बाई," ती म्हणाली. "भ्या वाटतं."

"कशाचं?"

"माझ्या हाताचं." सगळ्या बाया ऐकत होत्या. ऐकू देत, तिला वाटलं. विमलबाईंना तर कळलंच होतं. "गावाला लागत न्हाई, हे मला कळतंय. पर डॉक्टरीणबाई म्हणलत्या, घरात येऊ शकतं. ते लेकरू घरातलं हाय. माझ्या हातानं त्याला काई व्हायला नको."

रोहिणीनं पदरानं नाक पुसलं.

"लखनला न्हाऊमाखू कुणी घातलं?"

"मीच. दुसरं कोन घालणार?"

"त्याला लागलं का?"

"न्हाई."

"मग हाताचं काय घिऊन बसलात? घरात यायचंच असलं तर ते तुमच्या लेकाकडून येईल, तुमच्या हाताकडून न्हाई. आन् लेकाला तर तुमी काई आडवलं न्हाई."

क्षणभर कुणाला कळलं नाही आणि मग सगळं घर हसायला लागलं. रोहिणीच्या आईनं तोंडावर पदर घेतला. दारात पाण्याचा जार घेऊन आलेला लखन जारासकट उलट्या पावली अंगणात गेला. विमलबाई हसता हसता खोकायला लागल्या. सत्यशीलाही हसली, आणि हसताना पदरातून तिचे हात बाहेर आले.

रोहिणी मात्र आता हसत नव्हती. "आन् आलंच समजा," ती हळू आवाजात म्हणाली. "लेकराला आलं, तर ते तुमच्यावाणी व्हईल. त्यात वाईट काय हाय, ते सांगा मला."

सत्यशीलानं आयुष्यात लोकांची नाही नाही ती बोलणी ऐकली होती आणि प्रत्येकाला उत्तर दिलं होतं, पण हे ऐकायची तिला सवय नव्हती. तिनं डोळे पुसले, कोपऱ्यातलं पितळी भांडं आणलं, त्यात साबण कालवला आणि पाटासमोर बसली. मनिषा बाजूला सरकली आणि तिनं सव्वादोनाच्या बांगड्या वहिनीच्या पुढ्यात ठेवल्या.

रोहिणीचा हात गरम होता. सत्यशीलानं आधी तो नुसताच धरून ठेवला. मग अंगठ्याखालचा थेंब पुसला, पंजा भिजवला, सुजलेली बोटं एकावर एक मिटवली आणि सवयीनं विचारलं, "काय म्हणती तुझी दिंद्रुडची भावजय?"

"काय म्हणायचं," रोहिणी म्हणाली. "सा महिने झाले, फोन न्हाई का काई न्हाई. आन् परवा म्हणती कशी..."

भावजयीची गोष्ट संपेपर्यंत दोन्ही हात भरले. एकही वाढली नाही. मग सत्यशीलानं पेटीतून आणखी एक काढली, डाव्या हातात चढवली आणि म्हणाली, "ही माझ्याकडून, लेकीला." हे वाक्य तिनं हजारो बायांना म्हटलं असेल. या वेळी ते म्हणून झाल्यावरही तिनं हात सोडला नाही. रोहिणी नमस्काराला वाकायला गेली, पण पोट आड आलं, तेव्हा सत्यशीलानं तिला दोन्ही दंडांना धरून वरच्या वर उभी केली.

"सरा आता," मागून विमलबाई म्हणाल्या. त्यांनी रोहिणीला हळूच बाजूला केलं, हाशहुश करत पाटावर बसल्या आणि कमरेची पुडी काढून ताटात ठेवली. पुडी बरीच हलकी झालेली होती.

"घरी घालून बघितल्या का काकू?" सत्यशीलानं विचारलं.

"बघितल्या."

"किती वाढल्या?"

"तुला काय करायच्यात चौकशा," विमलबाई म्हणाल्या आणि ती उशी तिच्यासमोर टेकवली. "भर."

त्यांच्यामागं रोहिणीची आई बसली, मग शेजारच्या दोघी, मग आणखी कोण कोण. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत सत्यशीला चुडे भरत होती. मनिषानं पोळ्या वाढल्या, चहा केला, आणि बिभीषणनं अंगणातून ताकाचा मोठा तांब्या आत पाठवला. सत्यशीलानं तो सगळ्यांदेखत तोंड लावून रिकामा केला.

पाहुण्या गेल्या, भांडी झाली. सत्यशीला पेटीतल्या बांगड्या आकारानं लावत बसली होती. रोहिणी आली, तिच्या समोर पाठ करून हळूच खाली बसली आणि मागं न बघता तेलाची बाटली आणि फणी तिच्या मांडीजवळ ठेवली. हिरव्या बांगड्या किणकिणल्या. सत्यशीलानं केसांतला सुकलेला मोगरा काढला, वेणी सोडली, आणि दोन्ही हातांची बोटं केसांत घातली.

"लई गुता झालाय गं," ती म्हणाली.

"मग?" रोहिणी म्हणाली. "मला एकटीला कुठं येतीय वेणी घालायला. काढा निवांत."

सत्यशीलानं तळहातावर तेल ओतलं आणि मुळापासून सुरुवात केली.